हात दे, भाई

हौसामावशी टीव्हीशी भांडायच्या, तेही पदर खोचून. आमच्या नागापूरच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी त्यांचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. "अगं बये, खाली बघ की जरा!" नव्या माणसाला वाटावं, घरात कुणी पोर कठड्यावर चढलंय. पण ही सगळी ओरड असायची कार्टूनमधल्या एका उडणाऱ्या बाईसाठी.

मी कंपनीतून येईपर्यंत माझी लेक जुई शेजारी मावशींकडेच असायची, आणि जुईला रोज तोच सिनेमा हवा असायचा. त्यातली नायिका दिवसभर शहरावरून उडत लोकांना वाचवते आणि घरी येऊन भांडी घासते. मावशींना हे मुळीच पटत नसे. "आभाळातनं दमून आली तरी भांडी हिलाच? नवरा काय पूजेला बसवलाय व्हय?" तिच्या पाठीवर फडफडणारं लाल कापड म्हणजे मावशींच्या लेखी पदरच. "खोच की गं त्यो, अडकंल कुठंतरी!" त्या नायिकेची सासू मात्र मावशींना फार आवडायची. "ताट झाकून वाट बघती बघ म्हातारी. ती हाय म्हनून ही उडती."

सिनेमा हिंदीत होता. शेवटी पूल कोसळतो आणि खलनायक, म्हणजे मावशींचा 'दगड्या', एका लोखंडी सळईला लोंबकळत राहतो. ज्याने तिला आयुष्यभर छळलं, त्याच्यासाठी ती बाई खाली झेपावते आणि म्हणते, "हाथ दे, भाई!" इथे मावशींच्या डोळ्यांना धार लागायची. दगड्या तिचा सख्खा भाऊ आहे, असं त्या पहिल्या दिवसापासून धरून चालल्या होत्या.

"आजी, तो तिचा भाऊ नाहीये. हिंदीत कुणालाही भाई म्हणतात," जुई कंटाळून सांगायची.

"कुनालाबी कसं म्हनतील? तोंडानं म्हनली न्हवं का? मग झाला भाऊ. आता माघारी घ्येता येत न्हाई."

मावशींना खरा भाऊही होता. मिरजगावला, पाठचा, बबन. आई आजारी पडली तेव्हा मावशी तिला दवाखान्यासाठी नागापूरला घेऊन आल्या आणि आई इथेच गेली. "आईला तिच्या घरात डोळं मिटू दिलं न्हाईस," म्हणत भावाने बहिणीला दार बंद केलं. मावशींचाही ताठा काही कमी नव्हता. "मी का जाऊ? मी काय पाप केलं?" असं म्हणायच्या आणि भाऊबीजेला गुपचूप ताट घेऊन गच्चीवर जायच्या. कारखान्यांच्या पत्र्यांवर आभाळ अजून केशरी असायचं आणि त्यात नखाएवढी कोर. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. भाऊ असून चंद्राला ओवाळणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. निरांजनाच्या उजेडात त्या अगदी लहान दिसायच्या.

मग एके दिवशी निरोप आला, बबनला झटका आला, उजवं अंग गेलं. मावशींनी टीव्ही बंद केला. काळ्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "सुजाता, येशील माज्यासंगं?"

आम्ही मिरजगावची एसटी धरली. खिडकीबाहेर शेतं मागे पळत होती आणि वाऱ्याने त्यांचा पदर सारखा उडत होता. या वेळी मात्र त्यांनी तो खोचला नाही.

आम्ही दारात दिसताच बबनरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. भावजयीने पाणी दिलं, तेही मावशींनी तसंच ठेवलं. कॉटवर टेकल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "हात दे, भाई."

मग भिंतीकडूनच अडखळता आवाज आला, "भाई? आक्के, हिंदी कवा शिकलीस गं?"

"तू बोलत न्हवतास न्हवं, मग टीव्ही बघून शिकले."

बबनराव हसले, हसता हसताच रडले, आणि डाव्या हाताने त्यांनी बहिणीचा हात धरला. मीही रडले, लपवायचं कशाला!

त्या भाऊबीजेला ते काठी टेकत नागापूरला आले. मावशींनी त्यांना ओवाळलं आणि तेच ताट घेऊन जिना चढायला लागल्या. "आता वर कशाला? मी हाय की हितं!" ते म्हणाले.

"इतकी वर्सं तुज्या जागी उभा ऱ्हायला त्यो. तू आलास म्हनून त्याला सोडू व्हय?"

पुढच्या उन्हाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. भाऊबीजेच्या संध्याकाळी दार वाजलं. बाहेर बबनराव, काठी टेकून उभे. मला वाटलं, बहिणीचं बंद घर बघायला आले असतील.

"ताई," ते म्हणाले, "आक्काच्या चंद्राला आज कोन ओवाळनार?"

मी निरांजन लावलं. त्यांना जिना जड जात होता. वरच्या पायरीवरून मी हात पुढे केला आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "हात द्या, भाई."