कॅलेंडरच्या पानांतल्या पुड्या

लातूरच्या आमच्या घरात सोफ्यासमोर एक टीपॉय आहे. वर काच, काचेखाली रानातली काळी माती आणि मातीवर गारगोटीच्या कपच्या. फार जुन्या काळच्या माणसांनी दगडाची हत्यारं घडवताना उडालेल्या या कपच्या. काही दुधी, काही लालसर, काही तंबाखूच्या रंगाच्या. पाहुणे वाकून बघतात, तोंड भरून कौतुक करतात आणि चहाचा कप नेमका त्यांच्यावरच ठेवतात. मला आता तो टीपॉय नजरेसमोर नको वाटतो.

नोकरीत असताना मी कंधारला भूगोल शिकवायचो. रविवारी आम्ही नवराबायको स्कूटरवरून मन्याड नदीच्या काठाने हिंडायचो. पाऊस पडून गेलेल्या नांगरटीत कपच्या वर यायच्या. घरी आलं की बायको भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडायची. मागच्या कोऱ्या बाजूला गाव, कुणाचं रान, जवळची विहीर असं सगळं लिहायची आणि त्यातच कपची गुंडाळायची. सगळ्यात खाली, कुणाला सापडली तेही लिहायची. एक तर 'मला', नाहीतर 'ह्यांना'. नवऱ्याचं नाव तिने कागदावरही कधी घेतलं नाही. मी यावरून तिची पुष्कळ चेष्टा केली.

निवृत्त होऊन लातूरला आलो आणि मला सजावटीचं वेड लागलं. आधी कपच्या मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांत ठेवल्या. दोन दिवसांत बायकोने डबा परत मागितला. मग काळ्या मखमलीवर चिकटवून फ्रेम केली. वैशाखात डिंक सुटला आणि सगळ्या खाली येऊन बसल्या. खिडकीत दोऱ्याने टांगल्या, तर शेजारीण विचारून गेली की ही कसली दृष्ट काढली. दर वेळी बायको त्या पुन्हा आपापल्या पुडीत गुंडाळून ठेवायची. शेवटी सुताराकडून हा टीपॉय करून घेतला आणि माती मुद्दाम कंधारहून पोत्यात भरून आणली. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेचं मोल मात्र दुसऱ्याच माणसाने दिलं.

बायको एका लग्नासाठी जळकोटला माहेरी गेली होती. मी एका दुपारी सगळ्या पुड्या सोडल्या आणि कपच्या रंगांप्रमाणे लावल्या, दुधीपासून लालपर्यंत. मांडणी झक्क जमली. उरलेले कागद मागच्या अंगणातल्या बंबात घातले आणि त्यावर तापलेल्या पाण्याने अंघोळ केली.

ती परत आली, टीपॉयभोवती एक फेरी मारली आणि पुड्या कुठे आहेत म्हणून विचारलं. मी म्हणालो, रद्दी होती, जाळली. ती स्वयंपाकाला लागली. मला वाटलं, मांडणी आवडली.

गेल्या महिन्यात नांदेडहून संशोधन करणारी एक मुलगी आली. मी काच उचलून दिली. तिने तंबाखूच्या रंगाची एक लांबट कपची निवडली, भिंगाखाली खूप वेळ धरली आणि ही कुठली म्हणून विचारलं. मी म्हणालो, मन्याडकाठची. कुठलं गाव, कुठलं रान, हे तिने विचारलं, तेव्हा मी दुसरी कपची तिच्यापुढे केली. दुसरी झाली, तिसरी झाली. मग तिने पेनाला टोपण लावून ते वहीला अडकवलं आणि म्हणाली, "सर, मांडणी छान आहे."

पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर मी असेच शेरे मारले. अक्षर छान आहे.

ती गेल्यावर मी बायकोला हाक मारली आणि वही घेऊन बसलो. म्हटलं, आठवेल तेवढं सांग. तिने ती लांबट कपची हातात घेतली.

"ही ध्यानात हाय," ती म्हणाली. "तुमी म्होरं गेल्ते. ही मला घावली. तुमी शाळेत तुमचीच म्हणून दाखवली."

बाकीच्यांचं काय, मी विचारलं.

"लिहून ठिवलं हुतं की." तिने कपची जागेवर ठेवली. "जाळताना वाचल्या हुत्या का पुड्या?"

एवढ्या कुठे वाचत बसणार, मी म्हणालो. ती आत गेली.

वाचल्या होत्या. बंबापाशी बसून पाच पुड्यांवरचं नीट वाचलं होतं. चारांवर 'मला' होतं. सहावी मी उलटून पाहिलीच नाही, उरलेल्या सगळ्या एकदम आत कोंबल्या.