वन्संनी दोन मंडळ्यांना बोलतं केलं

आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, जन्मापासून दिसत नाही. वाचनालयात नव्या पुस्तकांची नोंद करायचं काम त्या अकरा वर्षं करताहेत. कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्राम पडद्यावरचं त्यांच्या कानात वाचून दाखवतो. पुस्तकांच्या यादीचा प्रोग्राम वेगळा. दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि सगळ्यांना खुले. देशोदेशीची माणसं नोकरीधंदा सांभाळून ते घडवतात. वाचून दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे 'वाचक', घडवणाऱ्यांना वन्सं वाचकवाले म्हणतात, दुसऱ्यांना यादीवाले.

गेल्या महिन्यात वाचनालयात दोन्ही प्रोग्राम नवे घातले आणि नोंदीचा तक्ता उघडला की कानात चिडीचूप. ग्रंथपाल माणूस वाईट नाही, पण पुस्तकांचा ढीग खिडकीच्या वर गेला तेव्हा म्हणाले, "ताई, सोमवारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर तुम्ही चौकशीच्या टेबलावर बसा, नोंदीला दुसरं कुणी बघतो."

घरी येऊन वन्सं जेवल्या नाहीत. "वहिनी, तिथे बसून काय सांगू? पाण्याचा नळ डावीकडे आहे म्हणून?"

तक्रार त्यांनी दोन्हीकडे आधीच लिहिली होती. वाचकवाल्यांचं उत्तर आलं, आमच्याकडे नीट चालतंय, दोष यादीचा. यादीवाल्यांचं आलं, आमच्याकडे नीट चालतंय, दोष वाचकाचा. दोघांनीही तक्रार बंद करून टाकली. हे म्हणाले, "फुकटातल्या वस्तूला जाब कुणाला विचारणार?" वन्सं म्हणाल्या, "दादा, फुकट आहे म्हणूनच सगळ्यांना विचारता येतो."

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली आणि माझा लॅपटॉप ताब्यात घेतला. मी देवपूजा आटोपून आले तर जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलेल्या. जुना वाचक, नवी यादी: बोलतोय. नवा वाचक, जुनी यादी: बोलतोय. दोन्ही नवे: गप्प. तीनदा करून बघितलं. मग हसायलाच लागल्या.

"अगं, दोघंही खरं बोलताहेत. प्रत्येकानं स्वतःचं नवं दुसऱ्याच्या जुन्यावर तपासलंय. घरात नवी सून आली तरी शेजारच्यांची ओळख आपली जुन्या सासूशीच."

"सासूला मधे आणू नका," मी म्हटलं. सासूबाई पलीकडच्या खोलीतच होत्या.

तिन्ही प्रयोगांचा आवाज टिपून वन्संनी एकच पत्र दोन्हीकडे धाडलं. खाली लिहिलं: उद्या दुपारी तीनला दोघांनीही माझ्यासमोर बसावं, मला सोमवारी कामावर जायचं आहे.

मला वाटलं, कोण येतंय. मी देवाला एवढंच म्हटलं की निदान एक तरी येऊ दे. शनिवारी तीनला पडद्यावर दोन चेहरे. वाचकवाल्यांकडून एक निवृत्त आजोबा, यादीवाल्यांकडून कडेवर तान्हं घेतलेली एक बाई. बोलणं इंग्रजीत, वन्सं मधूनमधून मला मराठीत सांगत होत्या.

सुरुवातीला आजोबा जरा ताठ. मग त्या बाईनं आपल्या प्रोग्राममधला बदल वाचून दाखवला. पूर्वी तक्त्याची पहिली अक्षरं खाल्ली जात, म्हणून त्यांनी घातलं होतं: वाचक तयार असल्याचं कळवेपर्यंत थांबायचं. आजोबांनी आपला बदल शोधून वाचला. त्याच तक्रारीवर त्यांनीही उपाय केला होता: यादी तयार असल्याचं कळवेपर्यंत थांबायचं. एकमेकांच्या सोयीसाठी दोघांनी केलेलं, फक्त एकमेकांना सांगितलं नव्हतं. दोघंही शिष्टाचारानं थांबलेले आणि आमच्या वन्सं मधे ताटकळलेल्या.

"आधी कोण बोलणार ते आता ठरवा," वन्सं म्हणाल्या. "मी चहा घेते तोवर."

ठरलं, आधी यादीनं कळवायचं. त्या बाईनं आपलं थांबणं काढलं, आजोबांनी लगेच आपल्याकडे तपासलं. तान्हं रडलं तेव्हा तिचं राहिलेलं टाइप करणं आजोबांनी केलं, परक्या मंडळीच्या प्रोग्रामात, तिच्या परवानगीनं. साडेपाचला लॅपटॉप बोलला: "पुस्तकाचं नाव, रिकामं." एवढे गोड शब्द मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "काय रिकामं?" आणि वन्संनी त्यांच्या गळ्यात हात टाकले.

सोमवारी दुरुस्त केलेला प्रोग्राम वाचनालयात घालून वन्संनी एकसष्ट पुस्तकं नोंदली. ग्रंथपाल दोनदा येऊन उभे राहिले, तर त्यांना म्हणाल्या, "साहेब, बाजूला व्हा, कानात बोलणं चाललंय."

आता दोन्ही मंडळ्यांनी नियम केलाय, नवं काही बाहेर काढण्याआधी दोघांचं नवं एकत्र चालवून बघायचं, आणि ते बघणार वन्सं. दर गुरुवारी चारला त्यांचा तास असतो. आज आजोबा सात मिनिटं उशिरा आले. वन्संनी त्यांना आधी खडसावलं, मग काम सुरू केलं.