राखणदाराची सोय

माझ्या सासूबाईंची एकच अट होती. जूचंद्रच्या शेतावरच्या राखणदाराची सोय लागल्याशिवाय त्या आमच्या फ्लॅटवर राहायला येणार नव्हत्या. सोय लागली नाही तर आगाशीला बहिणीकडे जाणार होत्या, आणि मग तिथून त्यांना कुणी हलवून दाखवावं, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला बजावलं होतं. नवरा त्यांना चांगला ओळखून होता, म्हणून घाबरला होता.

मी साताऱ्याकडची. लग्नानंतर बरेच दिवस मला हा राखणदार म्हणजे कुणी पगारी माणूस वाटायचा. प्रत्यक्षात तो नारळाएवढा एक गोल दगड होता. खाडीकडच्या बांधावर, शेंदूर फासून, एकटाच बसलेला. वर्षातून एकदा, भात कापायच्या आधी, त्याला नारळ आणि कोंबडा मिळायचा. त्या बदल्यात त्यानं उंदीर, डुकरं, वाईट नजर आणि भरतीचं खारं पाणी हे सगळं बांधापलीकडे थोपवायचं. यातलं शेवटचं काम त्याला दरवर्षी जमायचंच असं नाही. पण त्याचा ठपका सासूबाई बांध घालणाऱ्यांवर ठेवायच्या, राखणदारावर कधीच नाही.

मग शेत आणि शेताला लागून असलेलं घर, दोन्ही गेलं, इमारतींसाठी. सगळ्यांनी सह्या केल्या. सासूबाईंनीही केली, आणि घरी येऊन पदराने चेहरा पुसत विचारलं, "आता त्याचा काय?"

शेवटचं भात कापून झालं होतं. आठ दिवसांनी भरावाचे ट्रक येणार होते. नवऱ्याने फोनमध्ये यादी केली, कारण यादी केल्याशिवाय त्याला विचारच करता येत नाही. पहिला पर्याय, गावदेवीचा पार. तिथं सासूबाई स्वतः जाऊन बघून आल्या. लोक विकलेल्या शेतांवरचे राखणदार तिथंच आणून ठेवत होते. पिंपळाखाली त्यांची रांग लागली होती. "त्याला एकल्याला रवाची सवय हाय," त्या म्हणाल्या, "तो गर्दीत नाय बसायचा." दुसरा पर्याय, खाडीत विसर्जन. यावर त्यांनी मुलाकडे असं पाहिलं की त्याने यादीतली ती ओळ त्यांच्या देखत पुसली. "बुडवाला तो काय मेलाय?"

तिसरा पर्याय माझा. आता मागे वळून बघताना मला हे कबूल करायलाच हवं. मी सहज म्हणाले, "बोरिवलीच्या नॅशनल पार्कात ठेवलं तर? केवढं मोठं जंगल आहे. बिबटेसुद्धा आहेत." मला वाटलं, हसतील आणि विसरतील. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तिथं इमारती होनार नाय कधी?"

"नाही. कायद्यानेच होणार नाहीत."

"मंग मंगळवारी जाऊ."

मंगळवारी आम्ही दोघांनी रजा टाकली. पहाटे बांधावर जाऊन सासूबाईंनी राखणदाराला हळद लावली, तो खणून काढला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधला आणि गाडीत मांडीवर घेतला. वर्सोवा पुलावर नेहमीसारखं सगळं ठप्प होतं. तेवढ्या वेळात त्या त्याला काचेतून बाहेरचं दाखवत होत्या. "यो पूल. यो नवीन पूल. ही खाडी, आपलीच, पन पुढची." मी हसू दाबून पुढे बघत बसले. नवरा म्हणाला, "आय, त्याला सीटबेल्ट लावू का?" तर त्या म्हणाल्या, "आदी तुझा लाव."

पार्कच्या दारावर पिशव्या तपासतात, प्लास्टिक आत जाऊ नये म्हणून. खाकी कपड्यातल्या एका बाईंनी आमची पिशवी उघडली. भाकऱ्या बघितल्या, सुकटीची चटणी हुंगली, स्टीलची बाटली पास केली. मग फडक्यातलं गाठोडं हातात घेतलं आणि त्यांचा हात खाली गेला.

"काय आहे हे?"

माझा नवरा बँकेत कामाला आहे आणि त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलतो, पण वाईट बोलतो. "व्यायामाला," तो म्हणाला. "खांद्यासाठी."

"राखनदार हाय आमचा," सासूबाई म्हणाल्या.

त्या बाईंनी फडकं सोडलं. शेंदूर दिसला. त्यांनी हात कपाळाला लावला, फडकं होतं तसं बांधलं आणि मग एकदम कामावरच्या आवाजात म्हणाल्या, "बाहेरचं काहीही आत सोडायचं नाही. लोक ससे सोडतात, कासवं सोडतात, परवा एकाने मांजरीची तीन पिल्लं आणली. देव तेवढे राहिले होते. परत घेऊन जाणार असाल तर न्या आत."

"परत नेतो," नवरा म्हणाला.

दोनशे पावलं गेल्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "शबूद त्यानं दिला. मी नाय दिला."

आत गेल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरत गेला. सरळ डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंनी चालणारी माणसं, कानात काहीतरी घातलेली, मनगटाकडे बघत पावलं मोजणारी. एका झाडाखाली दहा-बारा जण एकदम मोठमोठ्याने हसत होते. सासूबाई थांबल्या. "काय झाला यांना?"

"व्यायाम आहे, आई. हसण्याचा."

त्यांनी गाठोडं पदराखाली घेतलं, जणू त्याने ते बघू नये. "यो रान हाय?" त्या मला म्हणाल्या. "बाय, तुझ्या सातारला यालाच रान बोलतात का?" साताऱ्याची बाजू घ्यायची ती वेळ नव्हती.

तासभर चाललो. पुढे गर्दी विरळ झाली. उजव्या हाताला बांबूचं दाट बेट होतं, खाली वाळलेल्या पानांचा थर, पलीकडे ओढा. सासूबाईंनी बराच वेळ बघून मान हलवली. जागा पसंत पडली होती. आता कामगिरी नवऱ्याची. त्याने आधी इकडे बघितलं, मग तिकडे बघितलं, आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसला. त्या दिवशी त्याच्या पायात चपला होत्या.

गाठोडं बांबूच्या बुडाशी टेकवतो न टेकवतो तोच मागून आवाज आला. "ओ मिस्टर! कचरा टाकायचा नाही इथे!" पांढरे बूट, पांढरी टोपी, हातात काठी, रोज फिरायला येणारे आणि त्यामुळे सगळं पार्क आपलंच असल्यासारखे वागणारे एक गृहस्थ. नवरा गाठोडं उचलून उभा राहिला, शाळेत पकडलेल्या पोरासारखा. तो "सॉरी" म्हणणार एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"कचरा? तुमच्या बापाच्या बापाच्या वयाचा हाय तो!"

गृहस्थांनी दचकून इकडे तिकडे पाहिलं. एवढं म्हातारं माणूस त्यांना कुठे दिसेना. माझ्या पोटात हसू मावेना, पण सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाशी भांडले. काय बोलले ते आठवत नाही, पण मराठी शुद्ध होतं, असं नवरा सांगतो. गृहस्थ काठी आपटत निघून गेले.

पुढच्या वळणावर एक बाई टोपलीत काकड्या आणि आवळे घेऊन बसली होती. पार्काच्या आत आदिवासींचे पाडे आहेत, तिथली. वयाने सासूबाईंएवढी. सासूबाई तिच्या शेजारी फतकल मारून बसल्या. आम्ही दोघांनी रस्त्यापलीकडे उभं राहून काकड्या खाल्ल्या, कारण त्या दोघींत आम्हाला जागा नव्हती.

आधी पाण्याच्या गोष्टी झाल्या, मग भाताच्या, मग सुनांच्या. ते ऐकायला मी जरा पुढे सरकले. मग सासूबाईंनी गाठोडं सोडलं. "बाय, तुमच्या रानात याला ठेवाचा हाय. कोनाचा पाय नाय पडायचा अशी जागा दाव."

त्या बाईने दगडाला हात जोडले. मग म्हणाली, "इथं आमचा वाघोबा हाय. त्याला इचारल्याबिगर कसा ठेवशील?"

"इचारू. चल ना, तू संगती चल."

"इचारून ठेवशील. पन बसून काय करील तो?" ती काकडीला मीठ लावत होती, हात थांबला नाही. "वाघोबाला रान हाय राखाला. याला काय हाय इथं? यो बांधावरचा. याला मानसा लागतात. मानसा नसली तर यो नुसता दगूड."

सासूबाईंनी फडकं पुन्हा बांधलं आणि काकडीचा तुकडा तोंडात टाकला. मला वाटलं, संपलं. आता आगाशी. खरं सांगायचं तर मला भीतीच वाटली. एरवी मी त्यांच्या येण्याची काळजी करत होते. स्वयंपाकघर एक, बाया दोन, वगैरे. त्या क्षणी मात्र मला त्या येणार नाहीत याची धास्ती वाटली, आणि ती वाटते आहे याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

दारावर त्या खाकीतल्या बाईंनी गाठोडं तपासलं. "परत नेताय ना?"

"नेतंय," सासूबाई म्हणाल्या. "इथं पोस्ट भरलेली हाय."

पूल ओलांडल्यावर नवऱ्याने घाबरत घाबरत विचारलं, "आय, मग आगाशीला सोडू?"

"कशाला? फ्लॅटाला दार नाय का?"

"आहे की."

"मंग तो दारात बसल. भायेर."

ट्रक यायच्या आदल्या दिवशी त्या आल्या. पत्र्याची एक पेटी, दोन कोयते आणि राखणदार. सातव्या मजल्यावर, आमच्या दाराबाहेर उजव्या हाताला, शेंदूर लावून त्याची स्थापना झाली. पॅसेजमध्ये सामान ठेवू नये अशी सोसायटीची नोटीस आहे. सेक्रेटरी नोटीस घेऊन आले, दगड बघितला, चप्पल काढली आणि नोटीस घेऊन गेले. आता समोरच्या फ्लॅटमधली मुलगी परीक्षेला जाताना त्याच्या पाया पडते.

मी त्यांना चिडवायचे. "आई, बांध गेला, भात गेलं. आता हा बसून पगार खातो." त्या नुसत्या हसायच्या.

वालीवच्या कारखान्यात मी कामाला आहे. घरी यायला मला साडेसात होतात, कधी आठ. महिनाभरानंतर एकदा लिफ्ट बंद होती म्हणून मी जिन्याने आले. सहाव्या मजल्यावर दम घ्यायला थांबले, तर वरून सासूबाईंचा आवाज आला. दार उघडं होतं. त्या उंबऱ्यात बसून राखणदाराशी बोलत होत्या.

"आट वाजलं. कंपनीतना निंगाली नसंल अजून. तू बघ तिच्याकडं, रस्ता लय वाईट हाय. ती आली की मंग तू नीज."

माझी आई जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून मी घरी पोचले की नाही, हे असं उंबऱ्यात बसून कुणी बघितलं नव्हतं. मी तिथंच पायरीवर बसले आणि श्वास नीट होईपर्यंत उठले नाही. मग पावलांचा आवाज करत वर गेले.

"आलीस?" त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या, भाकरी टाकायला.