परतीचा रुपया

बाबा गेल्यावर घरातली एकच वस्तू आईला डोळ्यांसमोर नको होती, ती म्हणजे त्यांचा पलंग. बाकी कशालाही तिने हात लावू दिला नाही. बाबांचा चष्मा अजून टीव्हीखालच्या फळीवर आहे. पलंग मात्र हलवा म्हणाली. अर्धांगवायू झाल्यानंतर बाबांसाठी घेतलेला, दवाखान्यात असतो तसला लोखंडी पलंग होता तो. पायाशी हँडल, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर उठायची. हँडल मध्येच अडकायचं, मग ते किंचित उचलून फिरवावं लागे. ही युक्ती फक्त आईला जमायची. मी फिरवलं की बाबांना असा हिसका बसायचा की बोलता येत नसूनही ते डोळ्यांनी मला शिव्या घालत.

"भंगारात नाई द्यायचा," आई म्हणाली. "कोण्या बिमार माणसाच्या कामी आला पाह्यजे."

मी नागपुरात जरीपटक्याला राहते, आई लकडगंजच्या पुढे एकटी. बाबांच्या मागे तिला तुझ्याकडे घेऊन ये, असं मला सगळ्यांनी सुचवलं, तिला कोणी विचारलं नाही. ती आली नसतीच. तिने फोन हातात घेतला आणि दूधवाल्याचे, भाजीवाल्याचे पैसे स्वतः पाठवायला शिकली. मला फोन करून सांगायची, "आज मेथीचे पैसे पाठवले, बरं का," जणू विमान चालवून आली. म्हणून पलंगाची जाहिरात जुन्या सामानाच्या अ‍ॅपवर टाकताना तिने मला माझा नंबर टाकू दिला नाही. "पलंग माह्या घरी आहे, तं नंबर तुहा कायले?" म्हणाली. मला बरंच वाटलं होतं.

इथे आईच्या माहेरची एक रीत सांगायला हवी. भिवापूरकडे तिच्या घरी वापरलेली वस्तू विकली की आलेल्या पैशांतला एक रुपया घेणाऱ्याच्या हातावर परत ठेवत. वस्तूने आपल्या घरून रिकाम्या हाताने जाऊ नये आणि नव्या घरी लाभावी, एवढंच त्यामागे. बाबांना हे अजिबात खपत नसे. आमच्या आजोबांच्या पिढीने धम्मदीक्षा घेतली तेव्हाच असले सगळे प्रकार मागे टाकले, असं त्यांचं म्हणणं. "काहून करतं वं हे?" ते विचारत. आई म्हणे, "हे काही देवाधर्माचं नोय. देणं-घेणं संपलं तरी माणूस राह्यते, म्हणून." बाबांची जुनी स्कूटर विकली तेव्हा ते तोंड फिरवून उभे होते, आणि आईजवळ सुटा रुपया नव्हता म्हणून तिने तो त्यांच्याच खिशातून काढून घेतला. बाबा रागावले खरे, पण खिसा त्यांनी पुढे केला होता.

जाहिरात टाकल्यावर लवकरच एका माणसाचा आईला फोन आला. मी ऑफिसात होते. नंतर आईनेच मला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो हिंदीत बोलत होता. वडिलांना लकवा मारलाय, कुशीवर वळवायलासुद्धा दोन माणसं लागतात, असं म्हणाला. आईने किंमत स्वतःहून कमी केली. संध्याकाळी टेम्पो पाठवतो, पैसे आत्ताच टाकतो, असं सांगून तो म्हणाला, "मांजी, पहले आप मुझे एक रुपया भेजिए, फिर मैं पूरा पैसा डालता हूँ।"

दुसरं कोणीही इथे सावध झालं असतं. विकणाऱ्यानेच आधी पैसे का पाठवायचे, असं विचारलं असतं. आईचा मात्र जीव भरून आला. "मले वाटलं, बोलून राहिला हिंदी, पण रीत माहीत आहे याले," ती मला म्हणाली. तिने रुपया पाठवला. त्याने लगेच उलट दोन पाठवले, तर तिने त्याला प्रेमाने दटावलंही, की परतीचा रुपया कोणी वापस करते का. मग त्याने चौकटी-चौकटींचा एक कोड पाठवला. हा स्कॅन करा, तुमचा पिन टाका, पैसे जमा होतील. तिने केलं. अटकले, पुन्हा करा, म्हणाला. तिने पुन्हा केलं. दोन्ही वेळा पैसे तिच्याच खात्यातून गेले.

बाबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या जेवणासाठी ठेवलेले पैसे होते ते. नंतर मी भरले, जेवण झालं, त्याचं मला एवढं नाही. पण त्या संध्याकाळी आईचा फोन आला तो पैशांसाठी नव्हताच. "टेम्पो अजून आला नाई वं," एवढंच ती म्हणाली. मी सगळं विचारून घेतलं आणि तशीच निघाले. रिक्षा करून पोचले तेव्हा तिने पलंग पुसून ठेवला होता. त्यावर स्वच्छ धुतलेली चादर घातली होती. कोणाच्या तरी आजारी बापाला पहिल्या दिवशी मळकी गादी नको म्हणून.

तो माणूस माझ्यासमोर असता तर मी काय केलं असतं, ते लिहीत नाही. बँकेला कळवलं, पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या बाईने सगळं नीट ऐकून घेतलं, आईला पाणी दिलं. पैसे काही आले नाहीत.

मी चिडले की शिकवू लागते, हा माझा स्वभाव. आईला समोर बसवलं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपणच देतो. आपल्याला पैसे यायचे असतील तर आपण कोड स्कॅन करायचा नसतो, तो देणाऱ्याने करायचा. समोरचा फोनवर हिरवी खूण दाखवेल, ती मानायची नाही. आपल्या बँकेचा मेसेज पाहायचा, शिल्लक पाहायची, मगच वस्तू सोडायची. आणि कोणी एक रुपया जरी मागितला, कोणत्याही कारणाने, तरी तो चोर समजायचा.

"चोर समजायचा," आई माझ्या मागून म्हणाली.

ती सगळं शिकली, पण फोनपुरतं शिकली नाही. दूधवाल्याशी जाळीच्या दाराआडून बोलू लागली. विहारातल्या बायका वर्गणीला आल्या तर घरात असून आवाज देईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुझी आई मलेच विचारते, कायचं काम आहे. पैशांचं दुःख महिनाभरात ओसरलं, पण उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी देऊन मग नाव विचारणारी माझी आई दिवसेंदिवस कमी होत चालली होती. बाबा गेले, त्यावर कोणाचा इलाज नव्हता. हिलाही असं जाऊ द्यायचं, हे मला सहन होईना. मला वाटलं, एक खरा माणूस दारात आला, त्याने खरे पैसे देऊन खऱ्या आजाऱ्यासाठी पलंग नेला, तर ती माघारी येईल. मी पुन्हा जाहिरात टाकली. या वेळी माझ्या नंबरने.

एका बाईचा फोन आला. भिवापूरची. वडिलांना लकवा, नागपुरातच दवाखान्यात होते आणि सोमवारी घरी न्यायचे होते. मी आधी दवाखान्यात जाऊन आले. म्हातारबाबा कॉटवर पडून छताकडे पाहत होते, माझ्या बाबांसारखेच. आईला सांगितलं, खरी आहे, तुझ्या माहेरची आहे.

"असे सगळेच सांगतात," आई म्हणाली.

रविवारी ती बाई नवऱ्याला आणि छोटा टेम्पो घेऊन आली. मी ओसरीवर होते. आईने जाळीचं दार उघडलं नाही. बाईने पैसे पाठवले आणि फोनवरची हिरवी खूण दाखवली.

"हे नाई चालत. माह्या बँकेचा मेसेज आला पाह्यजे."

मेसेज लवकर येईना. ती दोघं उन्हात उभी. मी माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली दिली. ती बाई काही वाईट वाटून घेत नव्हती. "बरोबर आहे काकू, आजकाल भरवसा नाई," म्हणाली. शेवटी मेसेज आला. आईने शिल्लक उघडून पाहिली, पुन्हा पाहिली, मग कुलूप काढलं. एकही चूक केली नाही तिने. मी शिकवलं तसं सगळं केलं, आणि मला रडू येत होतं.

पलंग बाहेर निघाला. "हँडल जड जाते का काकू?" बाईने विचारलं.

"पाहून घ्या तुमचं तुम्ही."

मीच तिला सांगितलं, अडकलं तर थोडं उचलून फिरवा. दोर बांधून झाले. नवरा टेम्पोत बसला. ती बाई मात्र पायरीशी परत आली. ओशाळली होती, पदराचं टोक हातात. मग तिने तळहात पुढे केला.

"काकू, एक रुपया वापस द्या ना. आमच्याकडे असते तसं. बाबाले पलंग लाभला पाह्यजे म्हणून."

आईचा चेहरा मी पाहिला. ती एक पाऊल मागे सरली. "पाह्य," ती मला म्हणाली, "मागतला न शेवटी." आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला.

मी पर्स उपसली. एक नाणं नव्हतं. सगळं फोनवर चालतं माझं. फोनवर पाठवते म्हटलं, तर ती म्हणाली, "राहू द्या ताई. ते हातावरच ठेवा लागते." तिने बंद दाराला हात जोडले आणि निघून गेली.

आईने बऱ्याच वेळाने कडी काढली. संध्याकाळी ती पलंगाच्या जागेची फरशी पुसत होती. पायांचे गंजके डाग निघत नव्हते.

"ते पोरगी खरंच भिवापूरची होती का वं?"

"हो."

"तिच्या बापाले खरंच लकवा आहे?"

"हो, आई. मी दवाखान्यात पाहून आली."

ती पुसत राहिली. मग उठली, मिसळणाच्या डब्यामागून रुपया काढून आणला आणि माझ्यासमोर धरला. "जाय, देऊन ये तिले."

"ते दुपारीच गेले, आई."

"मंग मले कसं समजलं असतं?" तिने विचारलं. रागाने नाही, खरोखर विचारलं, मेथीचे पैसे कसे पाठवायचे हे विचारायची तसंच. मी तिला जे जे शिकवलं होतं ते सगळं आठवून पाहिलं. याचं उत्तर त्यात नव्हतं.

तिने रुपया टीव्हीखालच्या फळीवर, बाबांच्या चष्म्याजवळ ठेवला आणि दाराची कडी लागली आहे का ते पाहायला गेली.