ओला भंडारा

नवस फेडायला माणूस आनंदानं जातो. मी मात्र धास्तावून गेले होते. आमच्या कुरुंद्याकडं हळदीचं पॉलिश सुरू झालं की गल्लीत पिवळी धूळ तरंगत राहते आणि माझ्या सात वर्षांच्या श्रेयाचा दमा उसळतो. मागच्या हंगामात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा मी खंडोबाला बोलून बसले, पुढचा हंगाम लेकरू घरातच हसतखेळत राहू दे, तिच्यावरून भंडारा उधळीन. भंडारा म्हणजे तरी काय, हळदच की! घाबरलेल्या आईला एवढंही सुचू नये? हंगाम सुखरूप गेला. डॉक्टरांनी सांगितलेला श्वासातून घ्यायच्या औषधाचा पंप सकाळ-संध्याकाळ चालू होता. गुण त्याचा की देवाचा, हे ठरवणारी मी कोण? आता नवस फेडावा तर लेकराची भीती, न फेडावा तर देवाची. सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या भंडाऱ्यानं काई होत न्हाई."

देवळापुढं पोचलो तर हवाच पिवळी झाली होती. माणसं, झेंडे, कळस, सगळं त्यात विरघळल्यासारखं. 'येळकोट येळकोट'चा गजर झोपेत ऐकावा तसा दुरून येत होता. घटकाभर मला सगळ्याचा विसर पडला, फार सुख वाटलं. तेवढ्यात श्रेयानं माझा हात घट्ट आवळला. ती खोकत होती, खांदे उचलून श्वास ओढत होती.

धाप लागल्यावर द्यायचा दुसरा पंप पिशवीच्या तळाशी गेला होता, तो हाती लागेना. कोण कुठली एक बाई पुढं आली. तिनं आम्हाला बाजूच्या लिंबाखाली ओढलं, श्रेयाला ताठ बसवलं आणि धुळीच्या बाजूनं पदर पसरून उभी राहिली. "घाबरू नको माय. दे औषध." पंप एकदाचा सापडला. मी तो हलवला, प्लास्टिकच्या नळीला बसवला, नळीचं तोंड श्रेयाच्या ओठांत धरून दाबला. ती हळूहळू श्वास घेऊ लागली. थोडं थांबून पुन्हा एकदा, डॉक्टरांनी शिकवलं तसंच. त्या वेळात मी देवाला काहीच मागितलं नाही. तिच्या गळ्याखाली प्रत्येक श्वासाला पडणारा खळगा नुसती बघत होते. तो हळूहळू पडायचा थांबला आणि मला रडू फुटलं.

"आता काहून रडून राहिलीस? सावरलं की लेकरू."

मी भंडाऱ्याची पुडी दाखवली, नवस सांगितला. ती हसली. "उधळल्याबिगर देवाला पोचत न्हाई व्हय?" चिमूटभर भंडारा तिनं माझ्या तळहातावर घेतला, बाटलीतलं पाणी घालून कालवला आणि श्रेयाच्या कपाळाला बोट लावलं. "फिटला बग." सासूबाईंनी आपलंही कपाळ पुढं केलं.

ती बाई काही अंतर्धान पावली नाही हो. आमच्याबरोबर चहा प्याली आणि सेनगावची जीप आली तशी जागेसाठी भांडत आत शिरली. नाव विचारायचं राहूनच गेलं. देवानंच तिला धाडलं, असं मी आपलं धरून चालते. इतके दिवस मी त्याच्याशी सौदा करत होते आणि त्यालाच भीत होते. आता दोन्ही वेळा पंप न चुकता देते, बाकीचं त्याच्यावर सोडते. मन हलकं राहतं.

परतताना श्रेया विचारत होती, "आई, देवालाबी दमा हाय का? ओलाच भंडारा चालला त्याला."

म्हटलं, "त्याला नसेल गं. पण तुझा कळतो त्याला."