कुलूपबाईंचा शिक्का

त्या नोटरी बाईंना सगळी गल्ली माघारी ‘कुलूपबाई’ म्हणायची. घरी बांगड्या बेसिनपाशी विसरतील, पण शिक्का कायम लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली गळ्यात. शाई तपासायला शिक्का उमटवलेल्या कागदाचेही बारीक तुकडे करून त्या पर्समधून घरी नेत. नवरा म्हणे, "माझी एवढी काळजी घेतली असतीस, तर मी अजून तरुण दिसलो असतो!"

एका दुपारी तीन वाजता त्यांची बालमैत्रीण धापा टाकत आली. तिच्या लेकीला शिष्यवृत्ती मिळाली होती. आजोबांचं हमीपत्र शिक्क्यासह पाचच्या आत कचेरीत पोचलं नाही, तर सगळं मुसळ केरात.

"सही झालीये. तू फक्त शिक्का मार."

सही मोत्यासारखी होती. आजोबांचा उजवा हात तर वर्षापूर्वीच लुळा पडलेला.

"ही कुणी केली?"

मैत्रीण ओशाळली. "मीच गं. त्यांच्या सगळ्या सह्या मीच करते. त्यांना कशाला त्रास? चाळीस वर्षांची ओळख आपली, एवढं नाही करणार?"

ती पोर बाईंच्या अंगाखांद्यावर वाढलेली. पण खोटी सही उद्या उघडी पडली, तर शिष्यवृत्ती तिचीच जाणार. त्यांनी पेटी उचलली, नोंदवही काखेत मारली.

"कोरी प्रत घे. चल, मीच येते."

तीन जिने चढताना गुडघ्यांनी नियमांना मनसोक्त शिव्या घातल्या. आजोबा खाटेवर बसले होते. बाईंनी हमीपत्र सावकाश वाचून दाखवलं.

"काका, हे तुम्हाला मान्य आहे?"

म्हातारा त्यांच्याकडे बघतच राहिला. "वर्षभरात मला असं कुणी विचारलंच नाही, पोरी. मान्य आहे."

"मग डाव्या हाताचा अंगठा द्या."

"अंगठा? जन्मभर पोरांची अक्षरं घोटून घेतली मी! पेन दे."

पहिल्या अक्षरालाच पाच मिनिटं गेली. मैत्रीण हात धरायला पुढे झाली. बाईंनी तिला अडवलं, खरं तर त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. सही ओळ सोडून खाली घसरली, पण झाली. मग नोंदवहीतही झाली. बाईंनी शिक्का उठवला आणि मैत्रीण चपला हातात घेऊन धावली.

बाई अजून आजोबांपाशीच होत्या, तोच पावणेपाचला तिचा फोन आला. कचेरीत कागद घेतला होता.

मोत्यासारख्या सहीचे बारीक तुकडे बाईंनी पर्समध्ये टाकले, पेटीला कुलूप लावलं.

"तिला सांग," आजोबा डावा हात चोळत म्हणाले, "उद्यापासून माझ्या सह्या मी करणार."