समोरचा पाट

माणिक गेल्याची बातमी मोटारीच्या क्लीनरनं आणली. चिटगुप्प्याहून येणारी मोटार आमच्या मन्नाएखेळ्ळीच्या नाक्यावर थांबते, तिथंच आमचं दुकान. टपावरचं पोतं उतरवता उतरवता तो म्हणाला, "मुन्शी गेले. सकाळीच." भागीरथी, माझी बायको, दारात बसून तूर पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि अशी रडली, की रस्त्यावरचे गाडीवान वळून बघायला लागले. मी हातात माप धरून तसाच उभा. लहानपणापासूनचा दोस्त गेला, याचं दुःख होतं, हे खरंच. पण खोटं कशाला बोलू... मनात पहिला विचार आला तो असा, की मी मेल्यावर ही एवढी रडेल का?

या गोष्टीला आता महिना-दीड महिना होऊन गेला. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी निरोप धाडला, की मित्राविषयी दोन शब्द लिहा. दोनच शब्दांत सांगायचं तर मी जळत होतो. माणसाला देव देतो तरी किती, आणि तेही देव न मानणाऱ्याला! बाकीचं आता सविस्तर सांगतो.

आमच्या गावात श्रावणात मारुतीच्या देवळात दुपारची पोथी लागते. दोन पाट समोरासमोर मांडतात. एकावर वाचणारा बसतो, दुसऱ्यावर अर्थ सांगणारा. वाचणाऱ्यानं ओवी वाचायची, शेवटचा सूर लांबवायचा आणि थांबायचं. मग समोरच्यानं बोलायचं. वाचणाऱ्यानं पदरचा शब्द घालायचा नाही, अर्थ सांगणाऱ्यानं पोथीला हात लावायचा नाही. अशी रीत कामून, म्हणून मी एकदा वडलांना विचारलं होतं. "एकाच्याच हाती दोन्ही दिलं तर त्यो पोथी सोडतंय अन् सोताचंच सांगत बसतंय," म्हणाले. वडील वाचायचे. आमच्या मुलखात शाळा उर्दूची, बाळबोध अक्षर ज्याचं त्यानं घरीच शिकायचं. मला वडलांनी धूळपाटीवर गिरवून गिरवून शिकवलं. ते गेले आणि वाचणाऱ्याचा पाट माझ्याकडं आला. पुढं अर्थ सांगणारे म्हातारबाबाही गेले. मला वाटलं, आता आपल्याला त्या पाटावर बसवतील, वाचायला दुसरा कुणीतरी बघतील. मी मनातल्या मनात अर्थ घोळवूनसुद्धा ठेवले होते. आणि पंचांनी बसवलं कुणाला? माणिकला!

माणिक आणि मी एकाच उर्दू शाळेत, एकाच फळीवर बसून शिकलो. पुढं तो बिदरला शिकायला गेला, नौबादला नातेवाइकांकडं राहिला आणि परत येऊन चिटगुप्प्याला कचेरीसमोरच्या लिंबाखाली अर्ज लिहिणारा मुन्शी म्हणून बसला. लोक आपलं गाऱ्हाणं घेऊन यायचे, रडायचे, एकाचं दहा सांगायचे. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि उर्दूत चार ओळी अशा लिहायचा, की सांगणाऱ्यालाच वाटायचं, अरे, मला हेच म्हणायचं होतं की! त्याला बाळबोधाचं एक अक्षर येत नव्हतं. देवळात आला तर घंटेला हात लावायचा नाही. देव मानत नाही, हे तो लपवायचाही नाही. पंचांना मी विचारलं, हा कसा काय चालतो तुम्हाला? ते म्हणाले, "त्याला बोलता येतंय." म्हणजे मी मुका!

मग सुरू झालं. श्रावणभर माणिक दुपारी चिटगुप्प्याहून मोटारीनं यायचा. समाप्तीला पहिला हार पोथीला, दुसरा अर्थ सांगणाऱ्याला, तिसरा वाचणाऱ्याला. माझ्या गळ्यापर्यंत येईतो त्या हारातली निम्मी फुलं गळालेली असायची. मी वाचत असलो की म्हातारी माणसं खांबाला टेकून डुलक्या घ्यायची, आणि मी थांबलो की कोपरानं एकमेकांना जागं करायची, "ऊठ की, माणिक सांगायलाय." जमाव भरवायला तेव्हा सरकारची इजाजत लागायची. एका श्रावणात पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब घोड्यावरून बघायला आले, काय चाललंय म्हणून. माणिकनं बसल्या जागेवरून तीच कथा त्यांना दखनीत सांगितली. साहेब पायरीवर टेकले ते आरतीची तयारी होईपर्यंत उठले नाहीत. जाताना माणिकच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडं बघून विचारलं, "आप कौन?" दुपारभर घसा कोरडा करून मी वाचत होतो, आणि... आप कौन!

हे सगळं मी गिळलं असतं. माणूस गिळतो. पण पुढं जे झालं ते गिळवलं नाही.

आमची एकुलती एक लेक, शेवंता, थंडीच्या दिवसांत तापानं गेली. नुकती बोलायला लागली होती. भागीरथीनं त्यानंतर बोलणंच सोडलं. जेवायला बसायची, भाकरी कुस्करायची आणि ताट सरकवायची. मी रोज तिच्यापाशी बसून पोथी वाचायचो. दुसरं काय येतंय मला? ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. श्रावण लागला तेव्हा बायकांनी तिला धरून देवळात आणलं, खांबाआड बसवलं. आणि पोथीत नेमका तोच अध्याय आला.

त्या अध्यायात एक आई आहे. तिचं लेकरू जातं. ती मेलेलं लेकरू पदरात घेऊन देवाच्या दारात बसते, अन्नपाणी सोडते, उठत नाही. शेवटी देवाला पाझर फुटतो आणि लेकरू हसत उठून बसतं. अध्याय गाळायचा नाही ही रीत, म्हणून मी वाचला. आवाज फुटू दिला नाही. शेवटचा सूर लांबवला आणि थांबलो. या अध्यायाचा अर्थ वडलांच्या काळापासून ठरलेला होता. भक्ती पुरी पडली की देव हात आखडत नाही. सगळं देऊळ हेच ऐकायला बसलं होतं. भागीरथीची मान खाली. माझ्या तेव्हा लक्षात आलं, की हा अर्थ तिच्या कानावर पडला तर तो तिला काय सांगेल... तुझीच भक्ती कमी पडली, म्हणेल. पण मला बोलायची परवानगी कुठं होती?

माणिकनं मांडी बदलली. मग म्हणाला, "त्ये लेकरू परत आलं न्हाई."

देवळात एकदम गलका झाला. गावचे जोशीबुवा ताडकन उभे राहिले. "अरे, पोथीत स्पष्ट लिहिलंय ना, उठून बसलं म्हणून!"

"लिवलंय. म्हणूनच म्हणायलोय," माणिक म्हणाला. "म्या अर्ज लिहितो, बुवा. बाई म्होरं बसून रडायली की हातातलं कलम आपलं आपण वळतंय. ह्यो पोथी लिहिणारा लिहित लिहित हितवर आला अन् त्याचा जीव धजला न्हाई. त्याला तिची दया आली. त्यानं लेकरू परत दिलं. देवानं दिलं का न्हाई, मला ठाव न्हाई. लिहिणाऱ्यानं दिलं. ज्या बाईचं परत आलं न्हाई, तिच्या भक्तीत काई कमी नव्हतं."

"मग पोथी खोटी म्हण की एकदाची!" जोशीबुवा ओरडले.

"खोटी कामून? दया खोटी असती व्हय?"

मी जोशीबुवांच्या बाजूचा होतो, आणि आजही आहे. पोथीतलं अक्षर अन् अक्षर खरं आहे. माणसाला दया येते ती तरी कुठून येते, हे माणिकला कुणी विचारलं नाही. मला विचारायचं होतं, पण माझा पाट वाचणाऱ्याचा. तेवढ्यात खांबाआडून हुंदका आला. भागीरथी रडत होती. लेक गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, बायकांच्या गळ्यात पडून. घरी आली, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या आणि माझ्यासमोर ताट घेऊन बसून जेवली. मला ती भाकरी अमृतासारखी लागायला पाहिजे होती. माझा घास उतरेना. एवढे महिने मी उशाशी बसून वाचलं तर भिंत, आणि हा देव न मानणारा चार वाक्यं बोलला तर चूल पेटली! मी तिचा नवरा, की तो?

दुसऱ्या दिवशी मी चिटगुप्पा गाठलं. तो लिंबाखाली दौत-कलम मांडून बसला होता. "माझ्या बायकूला काय सांगायचं त्ये मी सांगीन," मी म्हणालो.

"म्या पोथीचा अर्थ सांगितला, नागू."

"देव मानीत न्हाईस, अन् पाटावर बसतोस कामून?"

त्यानं कलम खाली ठेवलं. आपल्या आईची गोष्ट मला त्यानं तेव्हाच पहिल्यांदा सांगितली. ती अंथरुणाला खिळली होती, तेव्हा बाप त्याला खांद्यावर घेऊन फिरला. डोंगरावरचा देव झाला, दर्ग्यात चादर झाली, मठात लोटांगण झालं, देवीला नवस झाला, तरी आई गेली. "सगळ्या दफ्तरांत अर्ज दिले, नागू," तो म्हणाला. "एकाबी ठिकाणाहून जवाब आला न्हाई. मोठा झाल्यावर मला कळलं, दफ्तरात साहेबच न्हाई. तुला कामून वाटतंय, हाय म्हणून?"

असलं कुणी मला कधी विचारलंच नव्हतं. "म्या वाचतो तवा वाटतंय, कुणीतरी ऐकायलंय," मी म्हणालो.

"आम्ही ऐकतो की."

"तुम्ही न्हाई. तुम्ही डुलक्या घेता."

तो हसला. मग म्हणाला, "म्या न्हाई घेत डुलक्या. म्या तुझं वाचणंच ऐकायला येतो." मला वाटलं, हाणला टोमणा. दोन्ही बाजूंनी बोलायची त्या अर्जवाल्याची सवयच होती. मी चहासुद्धा न घेता निघालो. त्या श्रावणापासून भागीरथीनं एक दुपार चुकवली नाही. घरात काही अडलं की म्हणायची, "माणिकभावजींना विचारा की." माझ्या घरात, माझ्या चुलीसमोर! आणि तोही असा गोड माणूस, की त्याच्याशी धड भांडणही करता येईना. दिवाळीला तिच्यासाठी चोळीचा खण घेऊन यायचा, माझ्यासाठी पानपुडा.

त्याची शेवटची भेट यंदाच्या ज्येष्ठातली, चिटगुप्प्याला त्याच्या घरी. पाय सुजले होते, खिडकीपाशी बाजेवर पडून होता. बोलता बोलता दम लागत होता. मला म्हणाला, "नागू, त्ये वाच की. लेकराचं."

"पोथी कुठं आणली म्या?"

"तुला पाठ हाय. सोंग करू नगंस."

मी जमिनीवर मांडी घालून बसलो आणि डोळे मिटून म्हणायला लागलो. आई देवाच्या दारात बसली. अन्नपाणी सोडलं. लेकरू उठून बसलं... सूर लांबवला आणि सवयीनं थांबलो. आयुष्यभर मी तिथं थांबत आलो आणि तो बोलत आला. तो बोललाच नाही. मी डोळे उघडले. तो छताकडं बघत होता.

"पुढं म्हण," तो म्हणाला.

"अन् अर्थ?"

"आज अर्थ नगं. त्येच म्हण पुन्यांदा. लेकरू आलं म्हणतानी तुझा आवाज... वाटतंय, खरंच आलं."

मी पुन्हा म्हटलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं, ते त्यानं पुसलं नाही. आईला आठवत असेल, किंवा नसेलही. मी विचारलं नाही. परतीच्या मोटारीत मी एकटाच हसत होतो, रडतही होतो. इतक्या वर्षांनी कुणी माझं वाचणं मागून घेतलं होतं, आणि तेही माणिकनं! भागीरथीला मी यातलं अक्षरही सांगितलं नाही. का सांगावं? एक तरी गोष्ट माझी असू दे. तिला वाचता येत नाही, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

यंदा श्रावण लागला तेव्हा पंच म्हणाले, "आता दुसरं कोण हाय? नागनाथा, तूच वाच, तूच सांग." मला हवं ते मिळालं, पण रीत सोडवेना, म्हणून समोरचा पाट मांडला तो मांडलाच. परवा तो अध्याय आला. वडलांचा अर्थ माझ्या जिभेवर तयार होता. माझा अर्थ, मी मानतो तो, जन्मभर सांभाळून ठेवलेला. मी वाचलं, सूर लांबवला, थांबलो. खांबाजवळ भागीरथी बसली होती, केस पांढरे झालेली, आणि तिनं त्या दिवशीसारखीच मान खाली घातली होती.

"लिहिणाऱ्याला तिची दया आली," मी म्हणालो. "जिचं लेकरू परत आलं न्हाई, तिच्या भक्तीत काई कमी नव्हतं."

भागीरथीनं मान वर केली. डोळे भरले होते. अशी नजर मी आयुष्यात एकदाच बघितली होती, त्या श्रावणात, माणिक बोलला तेव्हा, आणि ती माझ्यासाठी नव्हती. आज बोललो होतो मी. ती बघत होती समोरच्या रिकाम्या पाटाकडं.